जॉर्ज स्क्वेअरचा नोटीसबोर्ड वाचत जा : एडिनबरोत नव्याने आलेल्यांसाठी

सप्टेंबर उजाडला की एडिनबरोच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेले प्रश्न येतात. खोली कुठल्या भागात बघू, कढीपत्ता कुठे मिळतो, बँकेत खातं उघडायला काय काय लागतं. उत्तरं द्यायला दहा जण टपलेले असतात, त्यामुळे त्यात मी पडत नाही. मला सांगायचंय ते संध्याकाळींबद्दल. डिसेंबरात इथे पावणेचारच्या आत सूर्य बुडतो. लेक्चर संपवून बाहेर यावं तर मिट्ट काळोख, आणि घरी जाऊन करायचं काय, तर लॅपटॉपवर मालिका बघायच्या. नोव्हेंबरातच घरच्या आठवणीने रडकुंडीला आलेली मुलं मी दरवर्षी बघते. थंडीने तितका त्रास होत नाही, जितका या लांबलचक रिकाम्या संध्याकाळींनी होतो.

त्यावर माझा एकच उपाय आहे. युनिव्हर्सिटीत जॉर्ज स्क्वेअरला केल्टिक आणि स्कॉटिश अभ्यासाचा विभाग आहे, शीर्षकातला नोटीसबोर्ड तिथलाच. त्याच्या आसपास वर्षभर व्याख्यानं, गाण्याच्या मैफली, कार्यशाळा आणि नाच चालू असतात. ते पहिल्याच सत्रात धरा. तुम्ही डेटा सायन्सला असा नाहीतर व्हेटर्नरीला, कुणी अडवत नाही. बहुतेक व्याख्यानं फुकट असतात, फार तर आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. पुष्कळशी बाहेरच्या लोकांनाही खुली असतात. पीएचडी करणाऱ्यांच्या किंवा नोकरीवाल्यांच्या सोबत आलेल्या जोडीदारांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण दिवसभर घरात अडकून पडायची पाळी त्यांच्यावर येते.

आधी थोडी पूर्वतयारी. उच्चार ‘केल्टिक’ करा. ‘सेल्टिक’ हा ग्लासगोचा फुटबॉल क्लब आहे आणि इथे फुटबॉलवरून नाती तुटतात. केल्टिक म्हणजे पर्यटकांच्या दुकानातला टार्टनचा, म्हणजे चौकड्यांच्या लोकरी कापडाचा, मफलर नव्हे. विभागात त्याचा अर्थ मुख्यतः एक भाषाकुळ असा आहे : स्कॉटलंडची गॅलिक, आयर्लंडची आयरिश, आइल ऑफ मॅनची मँक्स ही एक शाखा, आणि वेल्श, कॉर्निश, ब्रेटन ही दुसरी. या भाषांचं नातं एडवर्ड लूइड या वेल्श अभ्यासकाने 1707 साली पद्धतशीर मांडलं. ग्रीक आणि रोमन लेखक ज्यांना केल्ट म्हणत ते युरोपच्या मुख्य भूमीवरचे लोक. ब्रिटनमधल्या लोकांना त्यांनी तसं म्हटलेलं नाही. म्हणून ‘प्राचीन केल्ट लोक’ असा शब्दप्रयोग तुम्ही व्याख्यानानंतर केलात, तर एखादे प्राध्यापक हसून अर्धा तास घेतील. घेऊ द्या, ऐकण्यासारखं असतं.

दुसरं, स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स याने गॅलिकमध्ये लिहिलेलं नाही. त्याची भाषा स्कॉट्स, म्हणजे इंग्रजीची बहीण. गॅलिक उत्तरेकडच्या डोंगराळ भागातली, म्हणजे हायलंडमधली, आणि पश्चिमेच्या बेटांवरची. 2022 च्या जनगणनेत गॅलिक बोलता येणारे सुमारे 70 हजार निघाले, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढे. 2025 च्या कायद्याने गॅलिक आणि स्कॉट्स दोन्हींना अधिकृत दर्जा मिळाला. ‘ही भाषा शिकून काय उपयोग?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. मराठी शाळांबद्दल हाच प्रश्न ऐकून आपल्याला जे वाटतं, तेच त्यांना वाटतं.

एडिनबरोत केल्टिकचं अध्यासन 1882 साली सुरू झालं. त्यासाठी पैसा उभा केला तो जॉन स्टुअर्ट ब्लॅकी यांनी, आणि ते स्वतः ग्रीकचे प्राध्यापक होते! खांद्यावर प्लेड, म्हणजे चौकड्यांची लोकरी शाल, टाकून गावोगाव वर्गणी मागत हिंडणारा हा विक्षिप्त माणूस मला फार आवडतो. त्याच्याही वीस वर्षं आधी, 1862 मध्ये, याच युनिव्हर्सिटीत संस्कृतचं अध्यासन आलं होतं. हे दोन विषय वाटतात तितके लांबचे नाहीत. सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्याचं सांगितलं, तेव्हा केल्टिकही त्याच कुळातली असावी असं जरा दबकत जोडलं होतं. व्याख्यानानंतरच्या चहात (चहा म्हणजे टी-बॅग आणि कोमट पाणी, अपेक्षा ठेवू नका) कुणाशी बोलायला विषय हवा असेल तर हा उत्तम. दहावीपर्यंतचं संस्कृतसुद्धा इथे खपून जातं.

व्याख्यानाची रीत साधी आहे. वेळेवर जा, कारण पाच म्हणजे पाच. मागच्या रांगेत लपू नका. प्रश्नोत्तरांच्या वेळी आधी काही क्षण शांतता पसरते, तेव्हा हात वर केलात तर सगळे मनातून तुमचे आभार मानतात. प्रश्न छोटा ठेवा. ‘सर, आय हॅव थ्री क्वेश्चन्स’ ही आपली सवय पुण्यातच सोडून यावी.

आणि आपल्याकडे विचारण्यासारखे प्रश्न खरोखरच आहेत. 1746 मध्ये कलोडनच्या माळावर जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने उठलेल्यांचा, पराभव झाला, मग हायलंडचा पोशाख कायद्याने बंद झाला. पुढे जमीनदारांनी मेंढ्यांसाठी गावंच्या गावं रिकामी केली. उपजीविका गेलेल्या कित्येक गॅलिक बोलणाऱ्या पोरांना उरला तो फौजेचा रस्ता. ही पोरं लढायला कुठे गेली? 23 सप्टेंबर 1803 ला ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला होती. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेसमोर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या हाताखाली 74 वी आणि 78 वी अशा दोन हायलंडर पलटणी उभ्या होत्या. 74 व्या पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी त्या दिवशी पडले किंवा जखमी झाले. 78 व्या पलटणीच्या बिल्ल्यावर पुढे हत्ती आणि ‘असई’ हे नाव आलं. एडिनबरोच्या किल्ल्यासमोरच्या पटांगणात या 78 व्या पलटणीचं क्रॉसच्या आकाराचं स्मारक आहे, 1857 च्या उठावात मेलेल्या शिपायांचं. किल्ल्याचं तिकीट महाग आहे, पण पटांगणात एरवी फुकट जाता येतं. आई-वडील आले की त्यांना तिथे जरूर न्या. हायलंडवर अन्याय झाला आणि हायलंडच्याच माणसांनी आपल्यावर बंदुका रोखल्या, या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत बोलता येतात. इथले अभ्यासक त्यापासून पळत नाहीत, आपणही तावातावाने बोलायचं कारण नाही.

आता माझ्या सर्वांत आवडत्या भागाकडे येते. याच युनिव्हर्सिटीत स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज 1951 साली निघालं, ते लोकांच्या तोंडची गाणी, गोष्टी आणि रीतिरिवाज टिपून ठेवण्यासाठी. रासे बेटावरचे कॅलम मॅक्लीन हे तिथले पहिले संग्राहक. ते आणि हॅमिश हेंडरसन जड रेकॉर्डर घेऊन झोपड्यांत, शेतांत आणि भटक्या लोकांच्या तळांवर गेले. त्या ध्वनिमुद्रणांचा मोठा हिस्सा आता ‘टोबर अन दुअलखाइस’ या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतो. बसमध्ये इअरफोन लावून ऐका. शब्द कळले नाहीत तरी मागे कोंबडा आरवतो, चुलीवर काहीतरी उकळतं, म्हातारी मध्येच खोकते.

विभागात किंवा विद्यार्थी संस्थांतर्फे अधूनमधून ‘वॉकिंग’ गाण्यांची कार्यशाळा असते. चालण्याशी त्याचा काही संबंध नाही. हातमागावरचं ओलं लोकरी कापड लांब टेबलाभोवती बसून आपटत, चोळत पुढच्या बाईकडे सरकवायचं, म्हणजे ते आटून घट्ट होतं. पश्चिमेच्या बेटांवर हे काम बायका करत आणि ताल चुकू नये म्हणून गात. एक जण ओळ म्हणते, बाकीच्या ध्रुवपद उचलतात, आणि त्या ध्रुवपदाला बहुधा अर्थच नसतो, नुसते ‘ही री री’ सारखे नाद. कापड सूर्याच्या दिशेने, म्हणजे आपण प्रदक्षिणा घालतो तसंच फिरवायचं, उलटं नाही. पूर्वी कापडावर साठवलेलं मूत्र ओतत. कार्यशाळेत साधं पाणी असतं, घाबरू नका. पहिल्या पाच मिनिटांत मनगटं भरून येतात, बाह्या भिजतात, आणि मग शेजारणीचा आणि तुमचा हात एकदम पडायला लागतो.

हे बघताना आपल्याला जात्यावरच्या ओव्या आठवणारच. तिथे तसं सांगा. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत, आणि तेही काम जालावर ऐकता येतं. फोनवर एक ओवी लावून दाखवलीत, की पुढचा तासभर तुम्हाला कुणी सोडत नाही. आजीची एखादी ओवी पाठ असेल तर गाऊन टाका. सुराची काळजी करू नका, तिथे मलाही गाऊ देतात.

आता ‘केली’, म्हणजे स्कॉटिश समूहनाचाची संध्याकाळ. पोस्टरवर स्पेलिंगमध्ये शेवटी ‘डीएच’ दिसेल, ते दोन्ही गिळायचे. केली म्हणजे फिडल, अ‍ॅकॉर्डियन, ढोल आणि समोर माइकवर ओरडून पावलं सांगणारा एक माणूस, त्याला कॉलर म्हणतात. आधी चाल सावकाश करून दाखवतात, मग वाद्यं सुरू होतात आणि दोन मिनिटांत वेग दुप्पट होतो. सुरुवात बहुधा ‘गे गॉर्डन्स’ने होते, ती सोपी आहे. ‘डॅशिंग व्हाइट सार्जंट’ला तिघातिघांच्या रांगा लागतात, म्हणून मैत्रिणींबरोबर गेलेल्यांना ती सोयीची. ‘स्ट्रिप द विलो’ला मात्र सांभाळून : समोरच्याचा कोपर घट्ट धरून गरगर फिरायचं आणि सुटून पुढच्याकडे जायचं असतं, हात ढिला सोडलात तर भिंतीवर जाल. कोपऱ्यात उभं राहून व्हिडिओ काढायला जाऊ नका. केलीला प्रेक्षक नसतात, एखाद्या आजोबांनी हात पुढे केला की उठायचं. परक्या पुरुषाचा, परक्या बाईचा हात धरावा लागतो याने काही जण बुजतात. पाचव्या मिनिटाला कुणाचा हात कुणाच्या हातात आहे हेच कळत नाही, इतकंच सांगते.

किल्ट लागत नाही. कुर्ता चालतो, सलवार-कमीज उत्तम, साडी नको. बूट सपाट तळाचे घाला. आत टी-शर्ट असू द्या, कारण बाहेर दोन अंश असलं तरी आत घामाने निथळाल. अभ्यास चढलेला असेल, मूड नसेल, त्या दिवशी तर जाच.

25 जानेवारीला, कवी बर्न्सच्या जन्मदिवशी, बर्न्स नाइट. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, यकृत, फुप्फुसं, ओट, कांदा आणि चरबी. खाणाऱ्यांनी खुशाल खावं, वजडी आवडणाऱ्याला ते परकं वाटणार नाही. शाकाहारी मंडळींसाठी डाळी-कडधान्यांचं हॅगिस जवळपास सगळीकडे मिळतं. एडिनबरोच्या मॅक्स्वीन या खाटीक घराण्याने ते 1984 मध्ये पहिल्यांदा केलं. मला ते मूळ हॅगिसपेक्षा बरं लागतं, आणि वर लिंबाचं लोणचं घेतलं तर आणखी बरं. कुणी सुरी उगारून हॅगिसला उद्देशून कविता म्हणायला लागलं तर दचकू नका. शेवटी सगळे गोल करून ‘ऑल्ड लँग साइन’ हे बर्न्सचं गाणं गातात, तेव्हा हातांची अढी पहिल्यापासून घालायची नाही, शेवटच्या कडव्याला घालायची. इथे निम्म्या स्कॉटिश लोकांचंही चुकतं, म्हणून बरोबर करणाऱ्या परदेशी माणसाचं फार कौतुक होतं.

दारू न पिणाऱ्यांची एक शंका नेहमी असते. फॉरेस्ट रोडवरचा ‘सँडी बेल्स’ हा लोकसंगीतासाठी नावाजलेला पब, हॅमिश हेंडरसन यांचा नेहमीचा अड्डा. तिथे सोडा-लाइम किंवा आयर्न-ब्रू हे स्कॉटिश कोल्ड्रिंक मागवून आरामात बसता येतं, कुणी भुवई उंचावत नाही. फक्त वाजवणाऱ्यांच्या खुर्च्यांवर बसू नका आणि फर्माइशी करू नका. ते एकमेकांसाठी वाजवत असतात, आपण बाजूला बसलेलो असतो. चेंबर्स स्ट्रीटचं राष्ट्रीय संग्रहालय तिथून दोन मिनिटांवर आणि फुकट. तळघरात डेस्कफर्डचं रानडुकराच्या तोंडाचं कांस्य रणशिंग आहे, ते व्याख्यानांना जाण्याआधी बघून घ्या. लुईस बेटावर सापडलेले बुद्धिबळाचे मोहरे मात्र केल्टिक समजू नका, ते नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या परंपरेतले आहेत.

राहता राहिले आगीचे दोन उत्सव. 31 ऑक्टोबरला सावन (आपला श्रावण नव्हे, हिवाळ्याच्या सुरुवातीचा जुना केल्टिक सण) आणि 30 एप्रिलच्या रात्री कॅल्टन टेकडीवर बेल्टन, उन्हाळ्याच्या सुरुवातीचा. ढोल, मशाली, अंगाला रंग फासलेली माणसं, बघताना हजार वर्षांचं वाटतं. बेल्टनचा आजचा उत्सव 1988 सालचा आहे, आणि तो उभा करणाऱ्यांना स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजच्या अभ्यासकांनी मदत केली होती. जुना बेल्टन म्हणजे गुरांना दोन आगींच्या मधून हाकत चरायला नेण्याचा दिवस. 2024 मध्ये सावनची रात्र नेमकी नरक चतुर्दशीला आली. सकाळी उटणं, रात्री मशाली असा आमचा दिवस गेला होता. बेल्टनला तिकीट लागतं, आधी काढलंत तर स्वस्त पडतं. टेकडीवर वारा सुटतो, म्हणून एप्रिल आहे म्हणून फसू नका, थर्मल घाला. आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल तर अकराला सरळ खाली उतरा, उरलेलं पुढच्या वर्षी बघा.