डिस्प्लेवर २२, पावतीवर ११

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजच्या दारात गाडी लागली तेव्हा मालक भलताच खुशीत होता. "मिस्त्री, इंजेक्टर डबलचं टाकलं आणि ॲव्हरेज बी वाढलं बघा. बावीस दाखवाय लागलीया!" मिस्त्रींनी काही न बोलता बॉनेट उघडलं, ऑइलची डिपस्टिक ओढली, वास घेतला आणि माझ्या नाकापुढं धरली. ऑइलला पेट्रोलचा वास. "काटा काय बघतोस, पंपाची पावती बघ की." पावत्या डॅशबोर्डच्या खणात चुरगळून पडल्या होत्या. टाकी फुल ते टाकी फुल असा तीन वेळचा हिशेब मांडला. सरासरी आली ११.

शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्यांदा हीच गाडी सांगतो. मोठा इंजेक्टर म्हणजे जास्त ताकद आणि कमी ॲव्हरेज, असं ऐकूनच बहुतेक जण येतात. दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत. इंजेक्टर हा पेट्रोल फवारणारा नळ. नळ मोठा बसवला म्हणून घरातला पाण्याचा खप वाढत नाही. तो किती वेळ उघडा ठेवायचा हे ज्याच्या हातात आहे, त्याला नळ बदललाय हे ठाऊक असलं म्हणजे झालं. गाडीत तो हात ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा. आणि या गाडीच्या ईसीयूला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

गाडी होती १.३ लिटरची, चार सिलिंडरची, साध्या पोर्ट इंजेक्शनची (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारलं जातं ती). फिल्टर, हेडर (एक्झॉस्टचे पाइप) आणि कॅम बदललेला. कंपनीचे इंजेक्टर आम्ही नंतर टेस्ट बेंचवर मोजले, ते मिनिटाला १६० सीसीच्या आसपास भरले. त्यांच्या जागी ३२० चे बसवले होते. ईसीयूचा प्रोग्रॅम बदलण्याऐवजी एक डबी लावलेली. ती मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, सिग्नल कमी करून पुढं पाठवायची, म्हणजे ईसीयूला वाटायचं इंजिनात हवा कमी येतेय, आणि तो इंजेक्टर कमी वेळ उघडायचा. वर ऑक्सिजन सेन्सरची, म्हणजे धुरातला ऑक्सिजन बघून मिश्रण ओळखणाऱ्या सेन्सरची, वायर कापलेली.

डिस्प्लेवरचे बावीस इथूनच आले. बहुतेक गाड्यांतला ॲव्हरेजचा आकडा टाकीतलं पेट्रोल मोजून येत नाही. इंजेक्टर किती वेळ उघडा होता आणि त्या वेळात किती पेट्रोल गेलं असावं, असा तो हिशेब असतो, आणि हिशेबात कंपनीचाच इंजेक्टर धरलेला असतो. इंजेक्टर दुप्पट केला, उघडायचा वेळ निम्म्यावर आला, की ईसीयूच्या लेखी खपही निम्मा. म्हणून इंजेक्टर बदललेल्या गाडीच्या डिस्प्लेवर कधी विश्वास ठेवू नका. एकच पंप, शक्यतो एकच नोझल, पहिल्या कटऑफला थांबायचं, आणि निदान तीन टाक्यांची सरासरी काढायची. एका टाकीचा आकडा मी वहीत लिहीतसुद्धा नाही.

आता खरं पेट्रोल कुठं जात होतं, ते. इथं जरा थांबून वाचा, कारण या धंद्यातली निम्मी अक्कल या भागात आहे.

असं इंजिन आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) तासाला साधारण ०.६ लिटर पेट्रोल पितं असं धरा. म्हणजे मिनिटाला १० सीसी, एका सिलिंडरला अडीच. ८०० आरपीएमला एक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा (दोन फेऱ्यांना एकदा) पेट्रोल मागतो. १६० सीसीच्या इंजेक्टरला त्या एका घोटासाठी सुमारे २.३ मिलिसेकंद उघडं राहावं लागतं, ३२० च्या इंजेक्टरला जेमतेम १.२. शिवाय करंट मिळाल्यापासून सुई प्रत्यक्ष उचलेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद वाया जातो, तो डेड टाइम. व्होल्टेज पडलं की तो वाढतो. हेडलाइट, एसी आणि रेडिएटर फॅन एकदम चालू झाले की त्यात ०.१ मिलिसेकंदाचा फरक सहज पडतो. २.३ मध्ये ०.१ म्हणजे चार टक्के; ईसीयू हसत हसत सांभाळून घेतो. १.२ मध्ये तोच ०.१ म्हणजे आठ टक्क्यांच्या वर. त्यात नव्या इंजेक्टरचा डेड टाइम जुन्यापेक्षा वेगळा, आणि ईसीयूच्या टेबलात जुनाच. भरीला, इतक्या छोट्या पल्सला, म्हणजे उघडायच्या वेळेला, सुई नीट उघडते न उघडते तोच बंद होते, त्यामुळं दर वेळी पडणारा घोट सारखा नसतो.

फुल थ्रॉटलला यातलं काहीच जाणवत नाही. तिथं पल्स लांब असते. पण तावडे हॉटेल ते दाभोळकर कॉर्नर रोजच्या गर्दीत फुल थ्रॉटल कोण देतो? ॲव्हरेज ठरतं ते आयडलला आणि हलक्या पायाच्या ड्रायव्हिंगला, आणि नेमक्या त्याच ठिकाणी मोठा इंजेक्टर अडाणी असतो. ऑक्सिजन सेन्सर जोडलेला असता तर ईसीयूने फ्युएल ट्रिम, म्हणजे पेट्रोलची आपली दुरुस्ती, उणे करत करत बरंचसं सावरलं असतं. साधारण २५ टक्क्यांच्या आसपास त्याचा हात संपतो, मग पी०१७२ हा कोड येतो: मिश्रण जास्त रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. इथं सेन्सरच कापलेला. वाइडबँड (मिश्रणाचं नेमकं प्रमाण दाखवणारा सेन्सर) लावून हायवेवर ऐंशीच्या स्पीडला पाहिलं तर हवा-पेट्रोल प्रमाण पावणेबाराच्या आसपास. शुद्ध पेट्रोलला ते १४.७ लागतं, आता पंपावर मिळणाऱ्या ई२० ला (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला) साडेतेराच्या आसपास. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धुऊन ऑइलमध्ये उतरत होतं.

डबीने आणखी एक घोळ केला होता, आणि माझ्या मते तो जास्त धोक्याचा. लोड कमी आहे असं दाखवलं की ईसीयू पेट्रोल कमी करतो, पण त्याच वेळी इग्निशन टायमिंग पुढं घेतो, म्हणजे ठिणगी लवकर टाकतो. वाघबीळच्या पुढं पन्हाळ्याच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दाबली तर नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटल्याची टकटक, स्पष्ट ऐकू यायचं. मालकाला तो आवाज हेडरचा वाटत होता.

आणि या सगळ्याची गरज होती का? हिशेब करू. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन फुल लोडला दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २२७ ग्रॅम पेट्रोल घेतं. १०० हॉर्सपॉवर म्हणजे २२.७ किलो, तीसएक लिटर, म्हणजे मिनिटाला ५०० सीसी. चार इंजेक्टरांत वाटले की प्रत्येकी १२५. इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवायचा नसतो, ८० टक्क्यांची मर्यादा धरा: १५६. त्या गाडीची ताकद कॅम आणि हेडर धरूनही शंभरच्या वर नव्हती. म्हणजे कंपनीचेच इंजेक्टर पुरत होते! टर्बो लावून १४० करायचे असते, तर दर हॉर्सपॉवरला २७० ग्रॅम धरून २६५ च्या आसपास उत्तर येतं. तिथंही ३२० ची गरज नाही.

थोडंसंच कमी पडत असेल तर प्रेशर वाढवायचा मार्ग असतो, पण फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३ बारचे ४ केले तर १६० चे १८५ होतात, २१३ नाही. इंजेक्टरवरचा आकडा बहुधा ३ बारचा असतो. विकत घेताना कुठल्या प्रेशरचा ते विचारा.

ज्यांना हे काम शिकायचंय त्यांनी लॅपटॉप घेऊन ईसीयूचा मॅप (प्रोग्रॅममधली टेबलं) बदलण्यापासून सुरुवात करू नये. मी कळंबा रस्त्यावरच्या आयटीआयतून मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि नंतर वर्षभर फक्त इंजेक्टर धुतले. अल्ट्रासॉनिक टाकी, बेंच, काचेच्या नळ्या, वही. तेव्हा कंटाळा यायचा. आज वाटतं, घाणेरडा आणि स्वच्छ इंजेक्टर यांच्या फवाऱ्यातला फरक डोळ्यांत बसायला तेवढा वेळ लागतोच. डिप्लोमावाल्यांना गणित सोपं जातं, पण हात बसलेला नसतो, आयटीआयवाल्यांचं उलट. दोघांनी एकमेकांकडून घ्यावं. कॉमन रेल डिझेल आणि डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल सुरुवातीला लांबच ठेवा. तिथलं प्रेशर जिवावर बेतणारं असतं, आणि बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत इंजेक्टर बदलला की त्याचा कोड ईसीयूत भरावा लागतो.

मल्टिमीटर मात्र पहिल्या दिवसापासून खिशात हवा. हे मी पैसे मोजून शिकलोय. पहिल्याच वर्षी मिस्त्री गावाला गेले असताना एका गाडीला मी आयात केलेले जुने इंजेक्टर बसवले. प्लग बसला, गाडी चालू झाली, मी खूश. दहा मिनिटांत दोन सिलिंडर बंद. त्या गाडीच्या ईसीयूला बारा ते सोळा ओहमचे इंजेक्टर हवे होते, मी लावलेले अडीच ओहमचे. ईसीयूतलं इंजेक्टर चालवणारं सर्किट जळालं. मिस्त्री आल्यावर रागावले नाहीत, फक्त सहा महिने पगारातून हप्ता कापला.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण गिऱ्हाईक ते विचारत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. वॉरंटी आणि विम्याचा दावाही अडकू शकतो. कामाच्या आधी हे तोंडावर सांगा आणि जॉब कार्डवर लिहा. ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीचं प्रकरण वेगळं, रोज मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीचं वेगळं.

त्या बावीसवाल्या हॅचबॅकचे जुने इंजेक्टर धुऊन परत बसवले, डबी काढली, सेन्सरची वायर जोडली, स्पार्क प्लग आणि ऑइल बदललं. तीन टाक्यांनंतर मालकाचा फोन आला: पावतीवर पावणेपंधरा, डिस्प्लेवर पंधरा. आवाजात खुशी नव्हती. "पर बावीस बघून बरं वाटायचं की ओ."

काढलेले ३२० चे चार इंजेक्टर आमच्याच ड्रॉवरमध्ये राहिले. नवा पोरगा आला की त्याला ते बेंचवर लावायला सांगतो. आधी पूर्ण उघडे ठेवून: चारही नळ्या एका रेघेत भरतात, पोरगा म्हणतो इंजेक्टर एकदम ओके. मग पल्स दोन मिलिसेकंदांवर आणून तीन हजार वेळा मारायला लावतो. तिसरी नळी मागं पडते, पहिली पुढं जाते, आणि तो वाकून रेघा मोजायला लागतो.