स्टिअरिंगचा गळा सोडा : सिम्युलेटरवर ड्रिफ्ट शिकताना या चुका टाळा

"मामा, तुझं व्हील खराब आहे."

दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या भाच्याने माझ्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्टिअरिंगबद्दल अर्ध्या तासात निकाल देऊन टाकला. त्या अर्ध्या तासात साहेबांनी असेटो कोर्सा हा गाड्या चालवायचा गेम उघडला होता, कुठल्याशा मॉडमधली (म्हणजे चाहत्यांनी बनवून गेमला जोडलेली) हजार हॉर्सपॉवरची गाडी निवडली होती आणि थेट जपानी घाटरस्त्यावर उतरले होते. प्रत्येक वळणावर गाडीची भिंगरी, आणि प्रत्येक भिंगरीनंतर माझ्याकडे एक कटाक्ष.

हा गेम इटलीतल्या कुनोस सिम्युलाझिओनीचा, २०१४ चा. वय झालं, पण ड्रिफ्टवाले, म्हणजे गाडीचं शेपूट मुद्दाम घसरवून ती वळणातून तिरकी नेणारे, अजून त्यालाच चिकटून आहेत. मीही त्यातलाच, त्यामुळे पुढचं सगळं त्याच्याच भाषेत. गेम दुसरा असला तरी चुका त्याच होतात. नवा येणारा प्रत्येक जण त्या करतो आणि प्रत्येकाचं व्हीलच खराब निघतं.

स्टिअरिंग आवळून धरणं

सगळ्याचं मूळ इथे आहे. गाडीचं शेपूट सुटलं की माणूस घाबरतो, घाबरला की मूठ आवळतो, आणि मग उलट्या बाजूला स्टिअरिंग ओढायला लागतो. दर वेळी अर्धा सेकंद उशिरा.

मॉलमधल्या ट्रॉलीची पुढची चाकं बघा. ट्रॉली जाईल तिकडे ती आपोआप वळतात, कुणी वळवावी लागत नाहीत. गाडीच्या पुढच्या चाकांना कॅस्टरचा कोन दिलेला असतो (वळण्याचा आस किंचित मागे झुकलेला), त्यामुळे त्यांचंही साधारण तसंच असतं. गाडीचं नाक कुठेही असो, चाकं ती जातेय त्या दिशेला वळू बघतात. ड्रिफ्टमध्ये नाक एकीकडे आणि गाडी दुसरीकडे. म्हणजे ज्याला आपण 'काउंटर-स्टिअर' म्हणतो, ते बहुतांश काम गाडी स्वतःच करत असते. सिम्युलेटर तेच बळ मोजून मोटरकडे पाठवतो आणि मोटर तुमच्या हातातलं व्हील फिरवते. तुम्ही ते आवळून धरलंत, तर तुम्ही मदत करणाऱ्याचेच हात बांधले.

भाच्याची घाटातली गाडी मी काढून घेतली. गेममध्ये 'ड्रिफ्ट' नावाचाच एक ट्रॅक आहे, तिथे मूळ गेममधली बीएमडब्ल्यू ई३० ड्रिफ्ट दिली. तोंड पडलं. "ही किती स्लो आहे!" म्हटलं, दुसऱ्या गिअरमध्ये गोल फिरत राहा, मग अॅक्सिलरेटर दाब, आणि शेपूट सुटलं की आरतीला टाळ्या वाजवतोस तसे दोन्ही हात व्हीलपासून लांब धर.

पहिल्या तीन वेळा त्याने हात सोडलेच नाहीत. सोडतोय असं दाखवून अंगठ्याने धरून ठेवलं होतं. चौथ्यांदा सोडले. व्हील सर्रकन उजवीकडे फिरलं, क्षणभर थांबलं, आणि गाडी तिरकीच्या तिरकी सरकत राहिली. पोरगं काही बोललं नाही. चांगली खूण.

हात सोडणं ही अर्धीच गोष्ट झाली. व्हील योग्य जागी आलं की बोटं हलकेच मिटून ते पकडायचं असतं. लवकर पकडलं तर भिंगरी, उशिरा पकडलं तर गाडी दुसऱ्या बाजूला झेप घेते. हा क्षण कळायला मला दोन-अडीच महिने लागले. कुणी 'एका दिवसात ड्रिफ्ट शिका' म्हणत असेल तर त्याला माझा नमस्कार सांगा.

घाबरून अॅक्सिलरेटरवरून पाय काढणं

गाडी जास्त तिरकी झाली की पाय आपोआप वर येतो. मागच्या टायरांना एकदम पकड मिळते, पुढची चाकं मात्र अजून उलटी वळलेलीच असतात. मग गाडी त्या चाकांच्या दिशेने उसळते आणि थेट भिंतीत जाते. पाय थोडा कमी करा, पूर्ण उचलू नका. मी नवशिक्यांना सांगतो, भिंगरी झाली तरी चालेल पण पाय उचलायचा नाही. भिंगरीतून काहीतरी कळतं. उसळून भिंतीत गेलात तर नुसता आवाज ऐकू येतो.

सेटिंगशी खेळत बसणं

इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून जरा सविस्तर.

२०२१ मध्ये माझी गाडी चांगल्या चाललेल्या ड्रिफ्टच्या मधोमध अचानक उसळायला लागली. वर लिहिलंय ना, पाय काढल्यावर होतं, तसंच. पण मी पाय काढत नव्हतो. मग सुरू झालं. फोर्स फीडबॅकचा गेन, म्हणजे व्हील फिरवणाऱ्या मोटरचा जोर, वाढवला, कमी केला. मागच्या टायरांची हवा बदलली, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा) बदललं. तीन वेगवेगळ्या लोकांच्या सेटिंग फायली उतरवून घेतल्या. तिघांची व्हील्स वेगळी, माझं चौथंच. तीन आठवडे गेले आणि मूळ सेटिंग काय होतं तेही विसरलो.

एका रात्री कंटाळून गाडी उभी केली आणि गेममधलं पेडलचं छोटं अॅप स्क्रीनवर उघडं ठेवलं. कुठलं पेडल किती दाबलंय ते त्यात पट्ट्यांवर दिसतं. अॅक्सिलरेटरवर पाय ठेवला, अगदी स्थिर. हिरवी पट्टी मात्र थरथरत होती. मध्येच निम्म्यावर यायची, परत वर जायची. पेडलच्या आत ते किती दाबलंय हे मोजणारा पोटेन्शिओमीटर असतो, त्यात धूळ गेली होती. गाडीला वाटत होतं मी पाय उचलतोय! पेडल उघडलं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणलेला काँटॅक्ट क्लीनर आत मारला, पेडल वीस-पंचवीस वेळा दाबलं. संपलं.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा : आधी पट्ट्या बघायच्या, मग सेटिंग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलण्याआधीचा आकडा वहीत लिहायचा. होय, कागदाच्या वहीत.

त्याच अॅपमध्ये फोर्स फीडबॅकची राखाडी पट्टीही असते. ती सारखी लाल होत असेल तर गेन जास्त आहे. मोटर आधीच शेवटच्या टोकाला पोचलेली असते, त्यावरचे बारकावे हातापर्यंत येतच नाहीत. 'ताकद जास्त म्हणजे खरं जास्त' हा समज सोडा. उलट गेन फारच कमी केलात तर व्हील आळशी होतं आणि स्वतःहून वळायला वेळ लावतं. लाल व्हायला लागेल त्याच्या किंचित खाली, इतकंच माझं गणित. डँपिंग वगैरे व्हीलला जड करणाऱ्या गोष्टी मी शून्यावर ठेवतो.

आणि फिरण्याचे अंश. लॉजिटेक जी२९ घ्या, ते ९०० अंश फिरतं. ड्रायव्हरमध्ये ९०० आणि गेममध्ये भलताच आकडा ठेवलात तर तुमचे हात आणि पडद्यावरचे हात यांची फारकत होते. व्हील बरोबर ९० अंश फिरवा, पडद्यावरचंही ९० फिरलं पाहिजे. एवढी साधी तपासणी दहातले नऊ जण करत नाहीत.

बाकीच्या, पटापट

हँडब्रेक हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध नाही. मागची चाकं जाम होतात, वेग मरतो. आधी अॅक्सिलरेटर आणि क्लच-किकने (क्लच क्षणभर दाबून झटक्यात सोडणं) शेपूट सोडायला शिका.

ऑटोमॅटिक गिअर बंद. तो ऐन ड्रिफ्टमध्ये वरचा गिअर टाकतो.

घसरणं आपोआप रोखणारे ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल बंद. हे अजून सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं.

बॉनेटकडे बघत चालवू नका. नजर वळणाच्या शेवटाकडे, मग ते बाजूच्या काचेतून दिसत असलं तरी.

गोल जमल्याशिवाय इंग्रजी आठचा आकडा नको, आठ जमल्याशिवाय घाट नको. आणि ऑनलाइन लोकांच्या दाराला दार लावून चालवायची घाई तर अजिबात नको. त्यांची संध्याकाळ का बिघडवता?

चाकांची खुर्ची असेल तर ब्रेक दाबला की गाडीऐवजी आपणच मागे जातो. मी खुर्चीची चाकं जुन्या चपलांमध्ये बसवलीत. बायको हसते, पण खुर्ची हलत नाही.

शेवटचं, व्हील धरताना अंगठे कडेच्या बाहेर ठेवा. जोरात फिरलं की आडवी पट्टी अंगठ्यावर आदळते, आणि डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट व्हीलच्या दांड्याला जोडलेली) असेल तर ते हसण्यावारी जात नाही. हातातलं घड्याळ, कडं काढून बाजूला ठेवा. माझ्या व्हीलच्या चामड्यावर बोटभर लांब ओरखडा आहे. भाच्याचं म्हणणं, तो आधीपासूनच होता.