पॅनल बदलताना स्पॉट वेल्ड कशाने काढायचे, खालचा पत्रा न फाडता

पुढचं फेंडर बहुतेक गाड्यांना बोल्टवर असतं, ते पान्याने निघतं. पण मागचा क्वार्टर पॅनल, दाराखालचा सिल, डिकीखालचा बॅक पॅनल, छत हे सगळं कंपनीतून स्पॉट वेल्ड होऊन येतं, म्हणजे दोन पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी वितळवून जोडलेले असतात, एका गाडीत असे हजारो स्पॉट असतात. आपल्याकडे अजूनही खूप ठिकाणी छन्नी लावून घणाने ठोकत पत्रा उचकटतात नाहीतर सरळ गॅस लावतात, आणि मग खालची फ्लँज, म्हणजे पत्रा जोडायची कडेची पट्टी, इतकी वाकडीतिकडी फाटते की नवीन पॅनल तिथे बसतच नाही आणि ती गॅप पुट्टीने भरायची वेळ येते. वरचा पत्रा भंगारात जाणारे, त्याचं काही का होईना, खालचा जो गाडीवर राहणारे तो जपायचा, सगळी हत्यारं याच हिशोबाने निवडायची.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. एअरबॅग असेल तर नंतर थोडा वेळ थांबा, वेळ गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. आतलं ट्रिम, वायरिंग, पेट्रोलची लाईन बाजूला करा. हायब्रिड किंवा ईव्ही असेल आणि केशरी केबल दिसल्या तर हाय व्होल्टेज बंद करणारा ट्रेनिंग घेतलेला माणूस आल्याशिवाय हात लावू नका. आणि दाराच्या, डिकीच्या गॅप मोजून लिहून ठेवा, पॅनल निघाल्यावर ते माप परत मिळत नाही.

मग स्पॉट शोधणं, अर्धं काम इथेच आहे. सीम सीलर, म्हणजे जोडावर लावलेला रबरासारखा थर, हीट गनने मऊ करून स्क्रॅपरने काढायचा, गॅसने जाळायचा नाही, पीयू (पॉलियुरेथेन) सीलरचा धूर फुफ्फुसाला फार वाईट. रंग वायर ब्रशने किंवा स्ट्रिपिंग व्हीलने काढला की गोल खड्डे दिसायला लागतात. नाही दिसले तर लाकडी ब्लॉकला पॉलिश पेपर लावून फ्लँजवर फिरवा, सगळीकडचा पत्रा चमकतो आणि खड्ड्यात रंग तसाच राहतो, बस तोच स्पॉट. मार्करने गोल करा आणि बरोबर मध्यात सेंटर पंच मारा. पंच बाजूला गेला तर पुढे ड्रिल पण बाजूला जाणार आणि अर्धा वेल्ड तसाच राहणार.

आता हत्यारं. सगळ्यात जास्त कामाला येतो तो 8 मिमीचा स्पॉट वेल्ड ड्रिल, कोबाल्टचा घ्या. साधा ड्रिल का चालत नाही ते बघा, त्याचं टोक 118 डिग्रीचं असतं, म्हणजे 8 मिमीच्या ड्रिलला नुसती टोकाची उंचीच जवळपास 2.4 मिमी होते, आणि आपल्या गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण 0.7-0.8 मिमी, म्हणजे भोक पूर्ण 8 मिमीचं व्हायच्या आधीच टोक दोन्ही पत्रे भेदून पलीकडे गेलेलं असतं. स्पॉटच्या ड्रिलचं टोक चपटं असतं आणि मध्ये छोटासा काटा, त्यामुळे वरचा पत्रा गोल सुटतो आणि खाली फक्त बारीक खूण राहते. भोसरी-चिंचवडला टूल ग्राइंडिंगवाल्याकडून साध्या 8 मिमीच्या ड्रिलचं टोक पण असं घासून मिळतं, फक्त नीट सांगायला लागतं काय पाहिजे ते.

दुसरा प्रकार कटर, होल सॉसारखा, मध्ये स्प्रिंगवरची पिन. हा स्पॉटच्या भोवती रिंग कापतो, मधला गोळा खालच्या पत्र्यावरच राहतो, तो नंतर फ्लॅप डिस्कने घासून काढायचा. स्वस्त आहे, पुण्यात बोहरी आळीत हत्यारांच्या दुकानात विचारून बघा. पण ड्रिल मशीन जरा तिरकी झाली की दात तुटतात, म्हणून स्पीड कमी, दाब सरळ आणि थोडं कटिंग ऑइल. दोन्ही बाजूंनी दात असलेला कटर घेतला तर एक बाजू गेली की उलटा करून वापरता येतो. स्पॉट मोठे किंवा वाकडेतिकडे असतील तिथे मी कटरच घेईन, एरवी ड्रिल.

तिसरा, 10 मिमी पट्ट्याचा एअर बेल्ट सँडर. ज्या कोपऱ्यात ड्रिल मशीन शिरतच नाही तिथे याला पर्याय नाही. स्पॉटवर हळूहळू घासत जायचं, वरचा पत्रा कागदासारखा पातळ झाला की वेल्डभोवती गोल कडा दिसते, तिथेच थांबायचं. हवा मात्र खूप खातो, टायरवाल्याकडचा छोटा कॉम्प्रेसर पुरणार नाही.

काम सोपं करायचं असेल तर आधी पॅनलचा मधला मोठा भाग एअर सॉने किंवा 1 मिमीच्या कटिंग व्हीलने कापून काढा, कडेला इंचभर पट्टी ठेवा, मग त्या पट्टीवरचे स्पॉट निवांत काढता येतात, सगळीकडून हात पोचतो. कापताना मागे दुसरा पत्रा किंवा वायरिंग नाही ना ते बघूनच व्हील आत घाला. स्पॉट सुटले की पातळ सीम छन्नी दोन पत्र्यांच्या मध्ये घालून हलकं ठोकायचं. एखादा अडला तर जोर लावू नका, तो अजून पूर्ण सुटलेला नाही, परत ड्रिल लावा. सिल बी-पिलरला, म्हणजे पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाला, मिळतो तिथे कधी तीन पत्रे एकावर एक असतात, तिथे खोली सांभाळा.

बी-पिलरबद्दल वेगळं सांगायलाच पाहिजे. बऱ्याच नव्या गाड्यांत तो बोरॉन स्टीलचा असतो, 1500 एमपीए (मेगापास्कल) च्या आसपास ताकद, साधा एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल तिथे लगेच बोथट होतो. कार्बाइडचा लागतो. त्याला गॅस तर अजिबात दाखवायचा नाही, तापवला की ती ताकद जाते आणि बाजूने धडक बसली तर आत बसलेल्या माणसाला तोच वाचवणार असतो. कंपनीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये जिथे कापायला सांगितलंय तिथेच कापा, मॅन्युअल नसेल तर हे काम घेऊ नका.

गॉगल, कानाला मफ, जाड हातमोजे हवेतच, ड्रिलची ती गोल कात फार धारदार असते. फक्त ड्रिल चालू असताना कापडी सैल मोजे नकोत, अडकतात.

पॅनल निघाल्यावर फ्लँज डॉली (मागे धरायचा लोखंडी ठोकळा) आणि हातोडीने सरळ करा, उरलेले गोळे घासा, चुकून आरपार गेलेलं भोक असेल तर मागे तांब्याची पट्टी धरून सीओटू वेल्डिंगने भरा. कटिंग ऑइल पूर्ण पुसा, पण क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वापरू नका, वेल्डिंगच्या आर्कने त्याचा विषारी गॅस होतो. आणि त्याच दिवशी वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्याच्यावरून वेल्डिंग करता येतं तो) मारा, जुलैमध्ये पुण्यात उघडा पत्रा सकाळपर्यंत लाल झालेला असतो, त्यात गुरुवारी देखभालीसाठी लाईट गेली तर काम अजून लांबतं, म्हणून बुधवारी संध्याकाळी उघडून ठेवू नका. नवीन पॅनलला जुन्या स्पॉटच्याच जागी 8 मिमीची भोकं पाडून घ्या, पंचने पाडली तर कडा स्वच्छ येतात, मग प्लग वेल्डिंग, म्हणजे ती भोकं वेल्डने भरून पत्रे जोडणं, करताना आर्क आधी भोकातून दिसणाऱ्या खालच्या पत्र्यावर धरायची आणि तिथून गोल फिरवत वरच्या कडेला आणायची.