जेटला हात लावण्याआधी टाकी बघा: गाडी इथेनॉलवर नेताना या चुका टाळा

जुनी पेट्रोल गाडी इथेनॉलवर न्यायची म्हटली की बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी कार्बोरेटर (हवा आणि इंधन मिसळणारा भाग) उघडतात, त्यातले जेट (इंधन मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या) मोठे करतात, नाहीतर ऑनलाइन इंधन वाढवणारा एखादा इलेक्ट्रॉनिक डबा मागवतात. टाकी, पाइप आणि फिल्टर मात्र वीस वर्षांपूर्वीचेच राहतात. पेट्रोल पंपावर आता ई20च, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलच मिळतं, म्हणजे तुम्ही ठरवलं नसलं तरी तुमची गाडी निम्म्या वाटेवर आलेलीच आहे.

टाकी आणि पाइप तसेच ठेवणं

इंदूरच्या रामबागेतली एक कार्बोरेटरवाली मारुती 800. मालकाने जेट बदलून घेतले, शहरात गाडी झकास पळायची. ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटाच्या चढावर मात्र धापा टाकून बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, दोन वळणं गेली की पुन्हा तेच. कार्बोरेटर तीनदा धुतला गेला, कॉइल बदलली गेली. शेवटी ‘इथेनॉल गरम होऊन उडतंय’ असं निदान झालं आणि गाडीतल्या इंधन पंपाला ओलं फडकं गुंडाळलं गेलं. फडकं वाळलं, गाडी तिथेच.

भानगड दोन ठिकाणी होती. इथेनॉल चांगलं द्रावक आहे. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं साठलेला पेट्रोलचा चिकट थर ते सोडवतं आणि तो गंजाच्या बारीक कणांसकट टाकीतल्या जाळीवर आणि फिल्टरमध्ये येऊन बसतो. सपाट रस्त्यावर तेल (म्हणजे इंधन) कमी लागतं म्हणून निभावतं, चढावर कार्बोरेटरची वाटी रिकामी होते. गाडी थांबली की पंपाची ओढ थांबते, जाळीवरचा गाळ खाली पडतो आणि वाटतं, गाडी गार झाल्यामुळे सुरू झाली.

दुसरी भानगड पाइपची. बाजारातून मीटरवर घेतलेला साधा रबरी पाइप बाहेरून नवा दिसत होता, आतून फुगून त्याचा पापुद्रा सुटला होता. जोरात ओढ बसली की तो पडद्यासारखा आडवा यायचा. टाकी ते पंप हा भाग ओढीचा असल्यामुळे तिथे चीर पडली तरी बऱ्याचदा तेल ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून ‘कुठेच लीक नाही’ या वाक्यावर माझा विश्वास नाही. तपासायचं तर पंपाआधी वीतभर पारदर्शक नळी लावा, इंजिनाचे फेरे वाढवा आणि बुडबुडे बघा. नळी लगेच काढून टाका. ती कायमची ठेवणारे महाभागही आहेत, काही महिन्यांत ती लाकडासारखी कडक होते.

उपाय कंटाळवाणा आहे. टाकी उतरवून धुवा. जुन्या शिसं-कथिलाच्या मुलाम्याच्या टाकीत गंज दिसला तर डागडुजीचा नाद सोडा, बदला. पाइपवर ‘एसएई जे30 आर9’ छापलेलं बघूनच घ्या, त्याचं आतलं अस्तर फ्लोरोरबरचं असतं. पंपाचा पडदा, वाटीची सुईझडप, गॅस्केट यांची रबरंही त्याच दिवशी बदला. माझी सवय म्हणजे तीन फिल्टर एकदम घ्यायचे: एक आज, दुसरा 200 किलोमीटरला, तिसरा 1000 ला. दुसरा कापून बघितलात की टाकी खरंच धुतली होती की नुसती खंगाळली होती, ते कळतं.

जेटचं गणित

शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. ई20 साठी हा आकडा साधारण 13.5 येतो, म्हणजे लिटरमध्ये मोजलं तर तेल 7 ते 8 टक्के जास्त. इथेच घोळ होतो. 1.00 मिलिमीटरचं भोक 1.10 केलं की लोकांना वाटतं 10 टक्के वाढवलं. वाढतं क्षेत्रफळ, आणि ते 21 टक्के. प्लग काजळतात, मायलेज कोसळतं, शिव्या इथेनॉलला. ई20 ला 1.04 पुरतं. आणि ड्रिल मारून भोक मोठं करू नका, कडा खरवडल्या की आकड्याला काही अर्थ राहत नाही. मोठ्या नंबरचा जेट विकत मिळतो.

ई85 ची (85 टक्के इथेनॉल) गोष्ट वेगळी. तिथे शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे 40 टक्के जास्त तेल लागतं. पूर्ण थ्रॉटलला इंजेक्टर (कार्बोरेटरऐवजी इंधन फवारणारी तोटी) आधीच 70 टक्के वेळ उघडा असेल तर त्याच्यात तेवढा दमच नाही. मोठे इंजेक्टर, पंप आणि ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाची) नवी मांडणी एकदम करायची नसेल तर ई20 वर थांबा.

बाजारातलं स्पिरिट ओतणं

हे कृपया करू नका. साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल 95-96 टक्क्यांपुढे जात नाही. इंधनाचं इथेनॉल वेगळ्या प्रक्रियेने कोरडं केलेलं असतं. पाच लिटर 95 टक्क्यांच्या स्पिरिटबरोबर पाव लिटर पाणी टाकीत जातं. गारठ्यात पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसलं की पंप नेमकं तेच उचलतो, आणि वर उरतं कमी ऑक्टेनचं पेट्रोल. वरून ताजं पेट्रोल घालून ते परत नीट मिसळत नाही, टाकी रिकामी करावी लागते. त्यात इथेनॉलची ज्वाला उन्हात जवळपास दिसत नाही, आणि लोक असले कॅन गच्चीत ठेवतात.

बाकीच्या बारीकसारीक

इंजेक्शनवाल्या गाडीची बॅटरी काढून ‘रीसेट’ केलं आणि दहा किलोमीटरवर निकाल लावला, असं करू नका. शंभरेक किलोमीटर चालवून स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (गाडीचा संगणक इंधन किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा) बघा. अधिक 5 ते 8 ठीक. 20 च्या वर असेल तर आधी फिल्टर, पंप आणि हवेची गळती शोधा.

ठरावीक टक्के तेल वाढवणारा स्वस्त डबा घेऊ नका. ऑक्सिजन सेन्सर सावकाश चालीत ते तेल परत कापतो.

पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर सोडू नका.

थंडीत ई85 वर सकाळी गाडी उठत नाही, तो बिघाड नव्हे. इथेनॉलची वाफ गारठ्यात नीट होत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय चालत नाही. किट लावण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला कळवा.

टाकीत नक्की काय आहे ते कळायला 100 मिलीचं मापपात्र पुरतं. 10 मिली पाणी, वर 90 मिली पेट्रोल, हलवून दहा मिनिटं ठेवा. खालचा थर 19 च्या आसपास आला तर ई10, 28 ला ई20. मगच जेटचा नंबर ठरवा.