खाटांच्या आकड्यांची तुलना करताना या चुका टाळा

एखाद्या विभागाच्या आरोग्य सेवेत वर्षभरात शेकडो खाटा घटल्याचं तक्त्यात दिसलं, की ‘कपात’ हा शब्द लगेच तोंडात येतो. आधी त्या वर्षी हद्द बदलली होती का, ते तपासा. वेल्समध्ये 1 एप्रिल 2019 रोजी ब्रिजेंड परिसर एका आरोग्य मंडळातून (म्हणजे त्या भागातली सरकारी आरोग्य सेवा चालवणाऱ्या संस्थेतून) काढून शेजारच्या क्वम टाफ मंडळाला जोडला गेला. तिथलं प्रिन्सेस ऑफ वेल्स रुग्णालयही सोबत गेलं. मंडळनिहाय तक्त्यात एकीकडे घट, दुसरीकडे वाढ. वॉर्ड मात्र होते तिथेच. अशा वेळी मंडळाचा आकडा सोडा, रुग्णालयनिहाय आकडे घ्या आणि जुनी वर्षं नव्या हद्दीप्रमाणे पुन्हा जुळवा. काम किचकट आहे, पण त्याशिवाय आलेख काढण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक मोजण्याच्या पद्धतीची. इंग्लंडमध्ये 2010-11 पासून खाटांची माहिती वर्षाऐवजी दर तिमाहीला गोळा होऊ लागली आणि वर्गवारीही बदलली. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एकाच रेषेत जोडले, तर मधला चढउतार खरा की कागदावरचा, हे सांगता येत नाही. तिथे रेष तोडा. डे केअरच्या खाटाही मुक्कामी रुग्णांच्या खाटांमध्ये मिसळू नका.

सरासरीचा घोळ तर फारच सहज होतो. समजा, हिवाळ्यात गर्दीसाठी 40 जादा खाटा तीन महिने उघडल्या. वार्षिक सरासरीत त्या फक्त 10 दिसतील. मोजणी एका ठरावीक दिवशीच होत असेल, तर त्या दिवशी वॉर्ड उघडा की बंद, यावर 40 किंवा शून्य. तिन्ही आकडे बरोबरच! तसंच मंजूर खाटा वेगळ्या आणि परिचारिका हजर असलेल्या, म्हणजे खरोखर रुग्ण घेता येईल अशा खाटा वेगळ्या.

रिकाम्या खाटा बघून ‘जागा भरपूर आहे’ म्हणणारेही भेटतात. भरलेल्या खाटा अनेकदा मध्यरात्री मोजतात. दुपारी डिस्चार्जची वाट बघणारा एक रुग्ण आणि त्याच खाटेसाठी तपासणी विभागात ताटकळणारा दुसरा, ही ओढाताण त्या आकड्यात उतरतच नाही.

घट खरी असली तरी ती कुठल्या खाटांची, हे बघाच. इंग्लंडमध्ये 1987-88 साली सुमारे 2 लाख 99 हजार खाटा होत्या. 2019-20 पर्यंत त्या निम्म्याहूनही कमी झाल्या. त्यात मानसिक आजार आणि बौद्धिक अपंगत्वासाठीच्या खाटांची घट सगळ्यांत तीव्र होती, कारण त्या रुग्णांची सोय रुग्णालयाबाहेर करण्याचं धोरण होतं. सर्वसाधारण खाटा कमी होण्यामागे रुग्णाचा मुक्काम आखूड होणं हे मोठं कारण. एकूण आकड्यात ही दोन्ही कारणं एकमेकांत मिसळून जातात, म्हणून प्रकारनिहाय रकाने वेगळे ठेवा.

आणि हो, विभागांची आपसात तुलना दर हजार लोकसंख्येमागेच करा. जिथे वृद्ध जास्त, तिथे तेवढ्याच खाटा लवकर भरतात.