देव दूर गेल्यासारखा वाटतो तेव्हा

आई गेली त्या पावसाळ्यात आमच्या घरी कॉटेज मीटिंग, म्हणजे चर्चच्या लोकांची घरगुती प्रार्थनासभा होती. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मला प्रार्थना करायला सांगितलं. 'हे दयाघन स्वर्गीय पित्या' म्हणून सुरुवात केली आणि चार-पाच मिनिटं कुठंही अडखळले नाही. सगळ्यांनी आमेन म्हटलं. एका काकूंनी हात धरून सांगितलं, "किती छान प्रार्थना केलीस गं." माझ्या आत मात्र काहीच हललं नव्हतं. मंडळी गेल्यावर चहाचे कप विसळत होते, तेव्हा तोंडून आपोआप निघालं, "देवा, तू हाईस का न्हाईस, कायच कळंना झालंय मला."

कित्येक महिन्यांतली ती माझी पहिली खरी प्रार्थना होती.

असा कोरडा काळ तुमचा चालू असेल, तर मला ज्या क्रमाने वाट सापडली त्याच क्रमाने सांगते.

आधी झोप आणि जेवण

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून 'आता मला मरण दे' म्हणाला, ही गोष्ट बायबलमध्ये १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे. देवाने त्याला उपदेश केला नाही. तो झोपला. देवदूताने उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, पुन्हा खायला मिळालं. होरेब डोंगरापर्यंतचा चाळीस दिवसांचा प्रवास आणि तिथली देवाची ती मंद वाणी हे सगळं त्यानंतरचं. आपण नेमकं उलटं करतो. आजारपणाची जागरणं किंवा रात्रपाळी करून थकलेलो असतो आणि वर उपवास-प्रार्थना धरतो. आठवडाभर वेळेवर झोपा, पोटभर जेवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटत असेल, झोप-भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना भेटा. जगणं नकोच वाटत असेल, तर दोन आठवडे थांबू नका, आजच जा आणि घरच्यांना सांगा. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

मग घरच्या बोलीत बोला

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. आमच्या कोल्हापुरात ख्रिस्ती मिशनचं काम १८५२ साली सुरू झालं. आपल्यातले कितीतरी जण चौथ्या-पाचव्या पिढीचे ख्रिस्ती आहेत. प्रार्थनेची भाषा आपल्याला आयतीच मिळाली. ती सुंदर आहे आणि उपासनेत ती हवीच. पण पाठ असलेल्या भाषेआड लपणं सोपं जातं. शेजारणीशी, भावाशी आपण ज्या बोलीत भांडतो, तिच्यात खोटं बोलणं अवघड असतं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी अभंग आणि ओवीत ख्रिस्ताची गाणी लिहिली, ती आजही आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, गायली जातात. ती काळजाला भिडतात, कारण आपल्या आजीने जात्यावर ज्या चालीत सुखदुःख सांगितलं, तीच चाल त्यांत आहे.

म्हणून रोज दहा मिनिटं ठरवा. जागा एकच ठेवा. मी सकाळी रंकाळा तलावावर जायची. फिरणाऱ्यांची गर्दी असतेच, पण तिथं कुणी कुणाकडे बघत नाही. घरी जमत असेल तर कट्ट्यावर, गच्चीवर, कुठंही. 'प्रभो' म्हणवत नसेल तर 'देवा' म्हणा. राग आला असेल तर राग सांगा. काहीच वाटत नसेल तर "आज कायच वाटंना" एवढंच सांगा आणि उरलेला वेळ गप्प बसा. गोड वाटलं पाहिजे अशी अट घालू नका. मला पहिले तीन आठवडे काहीच वाटलं नाही.

एकच स्तोत्र धरा

पूर्ण बायबल वर्षात वाचायचा तक्ता या काळात बाजूला ठेवा. स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत आणि पहिल्या दोनांतच 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. दहा दिवस तेच वाचा, मोठ्याने. मग ४२ वं घ्या, पाण्यासाठी धापा टाकणाऱ्या हरिणीचं. फारच अंधार असेल तर ८८ वं. त्याचा शेवटही अंधारातच होतो, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे असं बोलायची परवानगी देवानेच आपल्याला दिली आहे. आईच्या बायबलमध्ये नेमकी हीच पानं बोटं लागून तपकिरी झालेली मला सापडली. तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

काही अडलंय का ते बघा

प्रत्येक दुरावा पापामुळे येतो असं नाही, आणि दुःखात असलेल्या माणसाला तसं सांगणं क्रूरपणा आहे. पण कधी कधी कारण आपल्याला माहीत असतं. वाटणीवरून भावाशी बोलणं बंद आहे, कुणाचे पैसे बुडवलेत, घरात लपवलेलं काही आहे. मत्तय ५ मध्ये येशू सांगतो की अर्पण वेदीपुढे तसंच ठेव, आधी भावाशी समेट कर. तेव्हा फोन करा. समोरचा उचलेल याची खात्री नाही, पण तुम्ही केलेला असेल. कॅथलिक बंधुभगिनींना पापनिवेदनाची, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करायची, वाट आहेच. आपल्याकडे विश्वासू पाळक किंवा एखादी वडीलधारी बाई असते.

मंडळी सोडू नका

गाणं ओठांवर येत नसेल तर नुसते ऐका, शेजारचे गातील. एकाच माणसाला खरं सांगा: "मला सध्या प्रार्थना जमत नाही, माझ्यासाठी तुम्ही करा." मी त्याच काकूंना सांगितलं. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "माझंबी दोन वर्षं असंच झालतं." प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडायचा उपासनेतला विधी, चुकवू नका. येशू मेलेल्यांतून उठल्यावर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघे शिष्य येशूबरोबर मैलोन् मैल चालले आणि त्यांनी त्याला ओळखलं नाही. भाकर मोडताना ओळखलं.

किती दिवस लागतील, असं मला विचारतात. माझा नेमका दिवस मला सांगता येत नाही. थंडीत एका संध्याकाळी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर उभी होते. समोर म्हशीची धार काढली, फेसाळलेला ग्लास हातात आला आणि मनात आलं, 'देवा, आईला हे किती आवडायचं बघ.' अर्धा ग्लास झाल्यावर ध्यानात आलं, की मी कुणाशी तरी बोलले होते.