जास्वंदीच्या पाण्याने ओळखा आम्ल आणि आम्लारी

आम्ल-आम्लारी ओळखायच्या लिटमस कागदाचे रंग पाठ करूनही मुलांची ऐन पेपरात गल्लत होते. एकदा घरीच रंग बदलताना दाखवा, मग सहसा विसरत नाहीत.

१. लाल जास्वंदीच्या चार-पाच फुलांच्या पाकळ्या कपभर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गाळून घ्या.
२. पांढऱ्या वाट्यांमध्ये थोडं थोडं ओता. (स्टीलच्या वाटीत रंग नीट कळत नाही.)
३. एकीत लिंबू पिळा: गडद गुलाबी, म्हणजे आम्ल. दुसरीत खायच्या सोड्याचं पाणी घाला: हिरवट, म्हणजे आम्लारी.

मग व्हिनेगर, साबणाचं पाणी, चुन्याची निवळी... मुलांनी आधी अंदाज वहीत लिहायचा, नंतरच थेंब टाकायचा.

संडास धुण्याचं अ‍ॅसिड मात्र यासाठी अजिबात वापरू नका.